सात नंबरची बादली

रोग चालत येत नाही, त्याला कुणीतरी उचलून आणतं, हे डॉक्टरबाईंचं आवडतं वाक्य. ते त्या इतक्यांदा म्हणत की घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच आवाजात, ते म्हणायला लागले. बाईंना हे कळलं होतं. त्यांची हरकत नव्हती. चेष्टेत का होईना, वाक्य पाठ होतंय ना, मग झालं.

बाई घोड्यांच्या साथी शोधायच्या. औषधपाणी करणारे डॉक्टर वेगळे. यांचं काम म्हणजे साथ कुठून आली, कुणाच्या हातून पुढे गेली आणि ती तोडायची कुठे, एवढंच. आता आल्या होत्या त्या शहराच्या टोकाला असलेल्या घोडेस्वारीच्या शाळेत. विटांची लांब इमारत, वर पत्रा, मधून सिमेंटची गल्ली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा गाळे, प्रत्येकाला छातीएवढं अर्धं दार. डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम. एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला काचेचं ऑफिस, आणि त्यात मालकीणबाईंचे जावई. त्यांना सगळे जावईबापू म्हणत. सासूने शाळा चालवायला दिली होती आणि ती चालवायची म्हणजे काचेतून बघायची, असा त्यांचा समज होता.

गाळे वीस, घोडे एकोणीस. सात नंबर रिकामा.

पंधरा दिवसांत दोन घोड्या गाभडल्या होत्या, आणि दहा नंबरचा घोडा मागच्या पायांनी झोकांड्या देत होता. विषाणू कोणता हे प्रयोगशाळेने सांगितलं होतं: नागीण ज्या कुळातली, त्याच कुळातला, घोड्यांचा. तो श्वासातून जातो, पण फार लांब जात नाही. बाकीचा प्रवास तो बादलीच्या काठावर, खराऱ्याच्या ब्रशात, लगामावर, माणसाच्या बाहीवर बसून, फुकटात करतो.

बाईंना सगळ्यात काळजी होती ती आठ नंबरच्या लाल घोडीची. दहावा महिना, अकराव्यात विणार. वय सतरा, म्हणजे हे शेवटचंच शिंगरू. तिची आई बाळंतपणात गेली तेव्हा तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं ते थोरल्या मोतद्दारांनी. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा त्या घोडीशी जेवढं बोलत तेवढं स्वतःच्या मुलांशीही बोलत नसत, आणि दोन्हीकडे तक्रार नव्हती.

"आबा, हिचं शिंगरू मी तुमच्या हातात देईन," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "लिहून घ्या."

"मला लिहिता येत नाही," आबा म्हणाले. "पण ऐकून ठेवलं."

बाईंकडे एक वही असायची. तिच्यात फक्त स्पर्श लिहिलेले असत: कुणी कशाला हात लावला, आणि नंतर कशाला. ही वही भरताना माणसांची फार छान ओळख होते. हात धुता का, असं विचारलं की जगातला प्रत्येक माणूस हो म्हणतो. कुठे धुता, असं विचारलं की निम्मे गप्प होतात. आणि पुसता कशाला, या प्रश्नावर उरलेले. नालबंदाने पँटला पुसतो असं सांगून टाकलं, म्हणून बाईंनी त्याच्या नावापुढे 'प्रामाणिक' लिहिलं. जावईबापू म्हणाले, मी ऑफिसच्या पुढे पाऊलच टाकत नाही, माझा संबंधच येत नाही. त्यांच्यापुढे बाईंनी काहीच लिहिलं नाही. जागा मोकळी सोडली.

मग त्यांनी आपली पावडर काढली. साध्या उजेडात ती दिसत नाही, पण जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमकते. दहा नंबरच्या आजारी घोड्याच्या बादलीच्या कडीला त्यांनी ती चिमूटभर लावली, कुणाला न सांगता. दुसऱ्या दिवशी दुपारी झडपा बंद करून घेतल्या आणि सगळ्यांना गल्लीत उभं करून दिवा लावला.

हात तर सगळ्यांचेच हिरवे होते. शिवाय घोड्यांच्या तोंडावर बांधायच्या पाच मोरख्या, तीन ब्रश, बिस्किटांचा डबा, नालबंदाचा उजवा कान आणि जावईबापूंची मिशी.

मोतद्दारांना हसू आवरेना. चहाच्या कपावरून आलं असेल, असं जावईबापू म्हणाले. कपावर कुठून आलं ते बाईंनी विचारलं नाही. पाहुण्याने जावयाची आणखी किती काढायची, याला मर्यादा असते. त्या दिवा घेऊन पुढे गेल्या, आणि सात नंबरपाशी थांबल्या.

रिकाम्या गाळ्यात, भिंतीतल्या आकड्याला एक बादली टांगलेली होती. तिची कडी सगळ्यांत जास्त चमकत होती.

"इथे घोडा नाही ना?"

नाही, असं तिघे एकदम म्हणाले. मग बादली कशाला, याचं उत्तर देताना मात्र जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला, आणि शेवटी सगळे आबांकडे.

आबांनी सांगितलं ते असं. पाण्याची फेरी सातपासून सुरू होते. पहिली बादली सातला, मग बाकीच्यांना. ते चाळीस वर्षांपूर्वी कामाला लागले तेव्हाच्या थोरल्या मोतद्दाराने त्यांना हे शिकवलं, आणि त्यांनी कधी का म्हणून विचारलं नाही. घोडा तिथे तेव्हाही नव्हता. संध्याकाळी बादली रिकामी झालेली असते.

रिकामी होते ती चिमण्यांनी, उंदरांनी आणि उन्हाने, हे बाईंनी मनातल्या मनात लिहून टाकलं. त्यांना हवं होतं ते पुढे निघालं. गाळ्यात घोडा नाही, म्हणजे बादली स्वच्छ, असा सगळ्यांचा हिशोब. कुणाची बादली गळली, कुणाच्यात लीद पडली, की तो सातची उचलायचा आणि काम झालं की परत टांगायचा. गाभडलेल्या दोन्ही घोड्या त्याच बादलीतून प्यायल्या होत्या. दहा नंबरही. एकोणीस घोड्यांच्या शाळेत एकच भांडं सगळ्यांच्या तोंडाला लागत होतं, आणि ते सगळ्यांत सोवळं समजलं जात होतं.

घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं म्हणताना बाईंच्या चालीत फरक पडला. त्यांनी प्रत्येक घोड्याला नवी बादली दिली, रंगाने आकडा घातला, एकाची दुसऱ्याला गेली तर मी आहे आणि तुम्ही आहात, असं बजावलं. प्रत्येकाचा ताप सकाळ-संध्याकाळ मोजायला लावला. सातची बादली घासून, निर्जंतुक करून बाहेर काढली, गाळा धुतला, दाराला वरपर्यंत जाळी ठोकली आणि कुलूप घातलं.

आबा सगळं बघत होते.

"मग तो काय पिणार?" ते म्हणाले.

"कोण?"

आबांनी खांद्यावरचं फडकं काढून झटकलं आणि परत खांद्यावर टाकलं. बाईंनी मग त्यांना शांतपणे समजावलं, की हा विषाणू एकदा अंगात शिरला की घोडा बरा दिसला तरी तो आत दबा धरून बसतो, जन्मभर. ताण पडला, उपास पडला, की उठतो. म्हणून साथ कुठून आली ते कधीकधी दिसत नाही. ती एखाद्या धडधाकट जनावरातून येते.

"जन्मभर," आबा म्हणाले. "आणि मेल्यावर?"

"मेल्यावर संपलं, आबा."

आबांनी मान हलवली. पटल्यावर हलवतात तशी नव्हे. पावसाचा अंदाज ऐकून हलवतात तशी.

चार दिवस एकाचाही पारा वर गेला नाही. पाचव्या दिवशी बारा नंबरला ताप चढला, आणि त्याच संध्याकाळी पंधराला.

बाईंनी वही काढली. दोन्ही घोडे गल्लीच्या दोन बाजूंना, एकमेकांपासून लांब. मोतद्दार वेगळे, ब्रश वेगळे, बादल्या वेगळ्या. वहीतून एकही रेघ त्या दोघांपर्यंत जात नव्हती. बाईंच्या बावीस वर्षांत असं झालं नव्हतं, आणि वही चुकत नाही यावर त्यांचा विश्वास होता. म्हणजे कुणीतरी खोटं सांगत होतं. शिवाय एक मोतद्दार म्हणाला, दोन दिवस झाले, बारा आणि पंधराच्या बादल्या दुपारीच तळाला जातात. एवढं पाणी घोडा पीत नाही.

बाईंना उत्तर समोर दिसलं. आबा. म्हातारा माणूस, चाळीस वर्षांची सवय. जाळीतून, फटीतून, कसंही करून सातमध्ये पाणी ठेवत असणार, आणि ते या दोन बादल्यांतून काढत असणार. त्यांना राग आला नाही. माणूस खोटं बोलतो ते बहुतेक वेळा प्रेमापोटी, हेही त्यांच्या वहीने त्यांना शिकवलं होतं. फक्त ते सिद्ध करून दाखवायला हवं होतं, म्हणजे वाद उरत नाही.

सकाळी त्यांनी एकटीने कुलूप काढलं. सातच्या जमिनीवर, दाराच्या आतल्या बाजूला, भिंतीवर, जिथे बादली असायची त्या लोखंडी आकड्यावर पावडर मारली, या खेपेला सढळ हाताने. कुलूप लावून त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि सही केली. मग आज-उद्या गल्ली धुवायची नाही, एवढंच सांगून त्या लाल घोडीचा ताप बघायला गेल्या. घोडी ठीक होती. फक्त ती चाऱ्याकडे पाठ करून समोर बघत होती. समोर म्हणजे सात नंबर.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी झडपा लावल्या. या वेळी सगळे नकोत, म्हणून फक्त आबा आणि जावईबापू. जावईबापू मिशी धुऊन आले होते.

बाईंनी आबांचे हात दिव्याखाली धरले. तळवे, नखं, मनगटं, बाह्या.

काही नाही. सुकलेली लीद आणि म्हातारपण.

बाहेर उभ्या केलेल्या मोतद्दारांना एकेक करून आत बोलावलं. आठ माणसं, सोळा हात. काही नाही. शेवटच्याला जाताना दार ओढून घ्यायला सांगितलं. कुलपावरची पट्टी जशीच्या तशी होती. सही नखभरही सरकलेली नव्हती.

"उघडू का?" आबांनी विचारलं.

बाईंनी स्वतः उघडलं. दिवा आत धरला.

जमिनीवरची पावडर फिसकटलेली होती. माणूस चालल्यावर फिसकटते तशी नाही. जागच्या जागी वळल्यावर, परत परत वळल्यावर होते तशी, मोठ्या कमानींत. भिंतीवर, बाईंच्या कपाळाच्या उंचीला, पावडर पुसली गेली होती, ओल्या कापडाने पुसावी तशी. आणि आकडा साफ होता. त्यावर त्यांनी सगळ्यांत जास्त मारली होती. आता तिथे कणभर नव्हती. आकडा चाटून ठेवल्यासारखा चकचकीत होता.

"उंदीर," जावईबापू म्हणाले.

बाई मागे वळल्या आणि दिवा गल्लीच्या जमिनीवर आणला.

सिमेंटवर खुरांचे ठसे होते. हिरवे, गोल, अंतरा-अंतरावर. एकोणीसच्या एकोणीस घोड्यांना नाल आहेत, हे प्रामाणिक नालबंदाने त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी ते तपासलंही होतं. या खुरांना नाल नव्हते.

ठसे बारा नंबरकडे जात होते.

बाराच्या बादलीच्या काठावर दोन डाग. वरचा रुंद, खालचा अरुंद. घोडा पाणी पिताना ओठ टेकवतो तसे, पण गल्लीच्या बाजूने, दारावरून मान आत घालून.

पंधराच्या बादलीवर तसेच.

नऊच्या दारावर छातीचा घासा. तिथली बादली आत कोपऱ्यात होती. ती स्वच्छ होती.

मग आठ.

लाल घोडीच्या दारावर पावडरचा थर होता, इतका की जो कोणी होता तो पुन्हा पुन्हा तिथे टेकला असावा. दाराच्या वरच्या काठावर गळ्याचा घासा. आतल्या बाजूला, दीड हातावर, भिंतीवर ओठांचा एक डाग. त्याच्यापुढे चार बोटं मोकळी भिंत. आणि मग घोडीची बादली.

बादली स्वच्छ होती.

घोडी मागच्या भिंतीला लागून उभी होती. कान पुढे.

पत्रा उन्हाने तडतडत होता. मग त्या तिघांच्या पाठीमागे, सातच्या उघड्या दारात, काहीतरी फुरफुरलं. खूप वेळ तहान धरलेलं जनावर नाक मोकळं करतं तसं.

बाईंनी दिवा बंद केला. त्या घाबरल्या नव्हत्या असं म्हणणं खोटं होईल. पण घाबरल्यावरही ज्यांचं डोकं कामाची यादी करतं अशा माणसांपैकी त्या होत्या. त्यांनी काही वेळ अंधारात तशाच उभ्या राहून हिशोब केला. कारण काय, हा प्रश्न त्यांचा नव्हता. त्यांच्या विषयात तो कधीच नव्हता. एक तोंड होतं. त्याला स्वतःचं भांडं होतं. ते त्यांनी काढून घेतलं, आणि ते तोंड दुसऱ्यांच्या भांड्यांत गेलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "एक नवी बादली लागेल."

"कुणासाठी?"

"जो पितो त्याच्यासाठी. नियम सगळ्यांना सारखा."

त्यांनी स्वतः तिच्यावर रंगाने सात घातला. रंग नीट वाळायला अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ आबा टाकीपाशी तोटीवर हात ठेवून उभे राहिले. मग त्यांनी बादली काठोकाठ भरली आणि आकड्याला टांगली. जाळी काढली. फेरीची सुरुवात परत सातपासून झाली. फक्त ती बादली आता दुसऱ्या कुणालाही द्यायची नाही, घासायची वेगळी, ब्रश वेगळा. वहीत बाईंनी नवं पान घेतलं आणि वर आकडा लिहिला. तापाच्या तक्त्यात सात नंबरच्या रांगेत रोज दोन वेळा आडवी रेघ मारली जाऊ लागली. मोतद्दारांपैकी कुणी चेष्टा केली नाही.

त्या दिवसानंतर कुणालाही ताप आला नाही. बारा आणि पंधरा सावरले. दहा नंबर चौदाव्या दिवशी सरळ चालला. तेविसाव्या दिवशी सकाळी, चहाच्या वेळेला, लाल घोडी व्यायली. मादी शिंगरू, कपाळावर पांढरा ठिपका. पाऊण तासात ते चार काटक्यांवर उभं राहिलं, दोनदा पडलं, आणि तिसऱ्यांदा बरोबर आईच्या कासेला गेलं. बाईंनी ते आबांच्या हातात द्यायचं म्हटलं होतं, पण त्याची गरज पडली नाही. आबा आधीच गुडघ्यांवर बसून त्याला कोरडं करत होते आणि त्याच्याशी बोलत होते. बराच वेळ बोलत होते. एवढं ते कधीच बोलले नव्हते.

शेवटच्या तापानंतर अठ्ठावीस दिवस झाले आणि बाईंनी साथ संपल्याचा कागद लिहिला. घोड्यांच्या संख्येपाशी त्यांचं पेन जरा थांबलं. मग त्यांनी शिंगरू धरून वीस लिहिलं.

निघताना आबा फाटकापर्यंत आले.

"बाई, सातची बादली कालपासून भरलेलीच आहे," ते म्हणाले. "काल टांगली तशीच."

"पाणी बदललंत?"

"दोनदा. पीत नाही." त्यांनी फाटकाची कडी काढली. "तुम्ही काल सामान बांधायला घेतलंत ना, तेव्हापासून."

"मग बरंच झालं, आबा. संपलं."

आबांनी परत तीच मान हलवली.

एका तबेल्यातून दुसऱ्यात जाताना बाई फार काटेकोर असत. बूट घासले, जाळायचं ते जाळलं, अंगरखा टाकून दिला. डोक्यावरून अंघोळ केली. सात दिवस कुठल्याही घोड्याजवळ फिरकल्या नाहीत. आठव्या दिवशी नवा कोरा अंगरखा घडी मोडून घातला आणि दुसऱ्या शहरात, दुसऱ्या तबेल्यात गेल्या. इथे साथ नव्हती. लोकांना शिकवायचं होतं. अकरा घोडे, सात माणसं, उत्साही व्यवस्थापक. रोग चालत येत नाही, बाईंनी सुरुवात केली, त्याला कुणीतरी उचलून आणतं.

पावडरची डबी अजून पिशवीतच होती. आधी सगळ्यांना कोरे हात दाखवावेत, म्हणजे नंतरचा फरक कळतो, म्हणून त्यांनी झडपा लावून घेतल्या आणि दिवा लावला. सात जणांनी हात पुढे केले. सगळे स्वच्छ. बाई मागच्या रांगेतल्यांना दाखवायला वळल्या.

"बाई," मागून व्यवस्थापक हसत म्हणाला, "तुमच्याच पाठीवर काहीतरी आहे की."

त्यांनी अंगरखा काढला नाही. काय आहे ते त्यांनी त्यालाच सांगायला लावलं.

तो म्हणाला, दोन डाग आहेत. हिरवे. खांद्याच्या जरा खाली. वरचा रुंद, खालचा अरुंद. ओले दिसतायत.

बाईंनी गल्लीवरून नजर फिरवली. अकरा माना दारांवरून बाहेर आल्या होत्या, आणि अकराही जणांचे कान पुढे होते. घोडे बाईंकडे बघत नव्हते, बाईंच्या जरासं मागे बघत होते.

"नव्या बादल्या किती मागवल्यात?" त्यांनी विचारलं.

"अकरा. घोडे अकरा आहेत ना."

"बारा लागतील." त्यांचा आवाज रोजचाच होता. "रिकामा गाळा कोणता आहे?"

"तो, शेवटचा. पण तिथे तर कुणी..."

"पाणी द्यायला लागाल," बाई म्हणाल्या, "ते तिथून सुरू करा."